लग्न गावात लावा, जमीन गहाण टाकून नव्हे



लग्नसराई जवळ आली की आमच्या तालुक्याच्या कोर्टाबाहेर मुद्रांक विकणाऱ्याच्या टेबलापाशी एक ठराविक दृश्य दिसू लागते. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक बाप, त्याच्या शेजारी गावातला एखादा सधन गृहस्थ, आणि दोघांच्या मध्ये एक मध्यस्थ. बापाच्या हातात सात-बाराचा उतारा असतो. उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा असतो. म्हणजे जमीन वतनाची. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून ती विकता येत नाही. म्हणून खरेदीखत होत नाही. नोटरीपुढे एक कागद होतो, त्याला कोणी इसार म्हणतो, कोणी उसनवार म्हणतो, आणि त्या कागदावर दोन एकरांचा ताबा दुसऱ्याच्या हाती जातो. मी विचारले तर बाप म्हणतो, “मुलीचं लग्न आहे, वकीलसाहेब. वर्षाच्या आत सोडवून घेतो.” माझ्या वीस वर्षांच्या वकिलीत अशी किती जमीन सुटून परत आली, हे मी एका हाताच्या बोटांवर मोजून सांगू शकेन.

ही जमीन कशी मिळाली, ह्याचे स्मरण ज्यांस नसेल त्यांस ते करून देणे भाग आहे. महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. त्या लढ्याचे फळ पुढे तीस वर्षांनी, १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्याने पदरात पडले. गावकीची चाकरी संपली आणि जमीन चाकरीच्या बंधनातून सुटून कसणाराच्या नावावर लागली. आमच्या आजोबा-पणजोबांनी मेलेली ढोरे ओढली, सांगावे पोहोचविले, रात्री-अपरात्री गावाच्या वेशीवर पहारा केला आणि त्याबद्दल हा तुकडा राखला. तो तुकडा आज आपण कशासाठी घालवतो? दोन रात्रींच्या रोषणाईसाठी, ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसाठी, आणि पाहुण्यांनी अर्धवट टाकून उठावे अशा पाच पक्वान्नांसाठी!

म्हणून माझे म्हणणे प्रथमच स्पष्ट सांगतो. आपण लग्न साधे लावावे, शक्य असेल तेथे आपल्या गावातच लावावे, आणि ते कर्जावाचून लावावे. हे मी काटकसरीचा उपदेश म्हणून सांगत नाही. हक्काचा प्रश्न म्हणून सांगतो.

साधेपणाची नवी फॅशन

‘साधे लग्न’ आणि ‘गावाकडचे लग्न’ हे शब्द आजकाल शहरातल्या श्रीमंतांच्या तोंडीही ऐकू येतात. म्हणून त्यांचा अर्थ आधी निश्चित केला पाहिजे. पुण्यामुंबईच्या आसपासची शेतघरे दोन दिवसांसाठी भाड्याने घ्यावयाची. तेथे शेणाने सारवलेले अंगण मुद्दाम तयार करवून घ्यावयाचे. बैलगाडीला झेंडूच्या माळा बांधून नवरदेवाला तीत बसवायचे. एका कोपऱ्यात चूल मांडून एखाद्या बाईला नऊवारी नेसवून भाकऱ्या थापावयास बसवायचे आणि पाहुण्यांनी तिच्याबरोबर छायाचित्रे काढून घ्यावयाची. हलगीवाले बोलवायचे. केळीच्या पानांचे व मातीच्या कुल्हडांचे कौतुक करावयाचे. ह्यास ते निसर्गाला धरून केलेले साधे लग्न म्हणतात. त्या साधेपणाचा खर्च आपल्या दहा लग्नांना पुरेल!

वाचकहो, ह्यांतील एकेक वस्तू नीट पाहा. सारवलेले अंगण, चूल, भाकरी, हलगी. त्यांच्या दृष्टीने ही शोभा आहे. आपल्या दृष्टीने ती काय होती? पाटलाच्या घरचे लग्न निघाले म्हणजे जळणाची लाकडे फोडून आणणारा कोण होता? मांडवाच्या बाहेर उन्हात उभा राहून हलगी वाजविणारा कोण होता? पंगती उठल्यावर उष्ट्या पत्रावळी उचलणारा आणि त्यांतलेच अन्न टोपलीत भरून घरी नेणारा कोण होता? ज्यांच्या पूर्वजांनी मांडवाच्या आत बसून लग्ने पाहिली, त्यांस खेडे हा देखावा वाटू शकतो. ज्यांच्या पूर्वजांनी तीच लग्ने मांडवाबाहेरून पाहिली, त्यांनी हा देखावा विकत घेऊ नये.

तेव्हा मी ज्या साध्या, गावातल्या लग्नाविषयी बोलतो आहे त्याचा ह्या फॅशनशी काडीचाही संबंध नाही.

“आम्हांस बंदी होती, मग आता का नको?”

ह्यावर आपल्यातीलच एक स्वाभिमानी तरुण उभा राहून मला प्रश्न विचारील, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. तो म्हणेल, “साधेपणा आमच्यावर हजारो वर्षे लादला गेला. दागिना घालावयाचा नाही, जरीचा फेटा बांधावयाचा नाही, घोड्यावर बसावयाचे नाही. आज आमच्या हाती चार पैसे आले, तर तुम्ही पुन्हा आम्हांस साधे राहावयास सांगता?”

ह्या तरुणाने सांगितलेला इतिहास अक्षरशः खरा आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलन’ ह्या ग्रंथात इंदूर जिल्ह्यातील बलाई लोकांची हकीकत नमूद करून ठेवली आहे. १९२८ च्या प्रारंभी वर्तमानपत्रात आलेली ती बातमी होती. कनारिया, बिचोली-हप्सी, बिचोली-मर्दाना आणि आणखी सुमारे पंधरा गावांतील उच्चवर्णीयांनी बलाईंना नियम घालून दिले. जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, आणि हिंदूंच्या प्रत्येक लग्नात वरातीपुढे वाजंत्री वाजवावी. बलाईंनी नकार दिला, तेव्हा त्यांचे पाणी तोडले, गुरांचे चरणे बंद केले, वाटा अडविल्या. त्याच ग्रंथात जयपूर संस्थानातील चकवारा गावाची हकीकत आहे. तेथील अस्पृश्यांनी १९३६ साली आपल्या जेवणावळीत तूप वाढले, एवढ्याच अपराधासाठी त्यांच्या अन्नाची नासाडी करण्यात आली आणि जेवणाऱ्यांवर काठ्या चालविण्यात आल्या. हे सारे जुने झाले असे कोणी समजू नये. २०१८ साली उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्याच्या निजामपूर गावी एका दलित नवरदेवाला आपली वरात नेण्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि अखेरीस ती वरात पोलिसांच्या बंदोबस्तात निघाली.

म्हणून मी त्या तरुणास सांगतो की घोड्यावर बसण्याचा तुझा हक्क निर्विवाद आहे. २०१५ साली सुधारलेल्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने, लग्नाची वरात काढण्यास किंवा वरातीत घोड्यावर अगर अन्य वाहनावर बसण्यास अनुसूचित जातीच्या माणसाला अडविणे हा स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरविला आहे. आणि “तुम्ही बौद्ध झालात, आता तुम्हांस हे संरक्षण नाही,” असे कोणी नवदीक्षित कुटुंबास सांगत असेल, तर ते खोटे आहे. १९९० सालच्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या राष्ट्रपती आदेशात बौद्धांचा समावेश झालेला आहे. ज्या गावात तुझी वरात अडविली जाईल त्या गावात वरात निघालीच पाहिजे, घोडा आलाच पाहिजे, आणि वकिलाची गरज लागली तर मला हाक मार. मी फी घेणार नाही.

परंतु हक्क असणे ही एक गोष्ट आहे आणि प्रत्येक हक्काची किंमत सावकाराला मोजणे ही दुसरी गोष्ट आहे. अडविणारा समोर उभा असता काढलेली वरात हा लढा आहे. अडविणारा कोणीही नसता, शेजारच्या गल्लीतील लग्नाहून आपला आवाज मोठा निघावा म्हणून कर्ज काढून आणलेली ध्वनिक्षेपकांची गाडी हा लढा नव्हे. ती नक्कल आहे. ज्यांनी आपणांस तूप खाऊ दिले नाही, त्यांच्याच जेवणावळीची नक्कल आपण त्यांच्याच पैशाने, म्हणजे त्यांच्याकडूनच काढलेल्या कर्जाने करावी, ह्याहून मोठी शोकांतिका कोणती? काल गावाने आपणांस बळजबरीने साधे ठेवले. आज तेच गाव व्याजाने आपणांस नागवे करीत आहे. दोन्ही वेळा जमीन त्याचीच होते.

व्याजाचे गणित

भावनेची गोष्ट बाजूस ठेवून थोडे गणित करू. समजा, एका बापाने लग्नासाठी दोन लाख रुपये खासगी सावकाराकडून दरमहा शेकडा ३ रुपये व्याजाने घेतले. दरमहा व्याज झाले ६,००० रुपये. वर्षाचे झाले ७२,०००. तीन वर्षांत व्याजच २,१६,००० रुपये होते, म्हणजे मुद्दलाहून अधिक. आणि मुद्दल जागच्या जागी उभे! शेतमजुरी करणाऱ्या कुटुंबाने हे कोठून द्यावे? मग आई बचत गटातून कर्ज काढते. त्या कर्जाचा हप्ता भरण्यासाठी दुसऱ्या संस्थेचे कर्ज निघते. ज्या मुलीच्या नावाने हे सारे झाले ती सासरी असते, आणि तिचा धाकटा भाऊ शाळा सोडून ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघतो. परवान्यावाचून सावकारी करणे हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने गुन्हा आहे. परंतु त्या कायद्याखाली तक्रार देण्यास आमचा मनुष्य क्वचितच येतो. कारण पुढच्या मुलीच्या लग्नाला पुन्हा त्याच दाराशी जावे लागणार, हे तो जाणून असतो.

मी हे परक्याचे सांगत नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न झाले त्या वर्षी मी लॉ कॉलेजच्या पहिल्या वर्गात होतो. वडिलांनी बैलजोडी विकली आणि वर कर्ज काढले. मांडवात आठशे माणूस जेवले. त्या वर्षी माझी फी भरली गेली नाही आणि माझे एक वर्ष वाया गेले. वर्ष पुढे भरून निघाले. परंतु बहिणीचे बारावीनंतरचे शिक्षण जे थांबले ते कायमचेच. पुष्कळ वर्षांनी ती मला एकदाच म्हणाली, “त्या दिवशी जेवून गेलेल्यांपैकी मला आज चार माणसंही आठवत नाहीत.” मी तेव्हा वडिलांना अडविले नाही. उलट वाजंत्री चांगली असावी असा आग्रह धरणाऱ्यांत मीही होतो. हा दोष माझ्या पदरी आहे, आणि तो मान्य करूनच मी आपल्यापुढे उभा आहे.

गृहस्थाने पैसा कसा वापरावा ह्याविषयी धम्म मूक आहे काय? मुळीच नाही. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला आपल्या मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग उद्योगात घालण्यासाठी, आणि चौथा भाग संकटकाळासाठी राखून ठेवण्यासाठी. व्यग्घपज्ज सुत्तात तर मिळकतीहून खर्च वाढू देऊ नये, असा स्पष्ट उपदेश आहे. आपण मिळकतीचा चौथा भाग नव्हे, पुढच्या दहा वर्षांची मिळकत एका दिवसात खर्च करतो, आणि त्या मांडवात पंचशील ग्रहण करतो! पंचशील ओठांवर आणि कर्जरोखा खिशात, ही विसंगती आपल्या ध्यानी येत नाही काय?

गाव सुंदर म्हणून नव्हे, आपले म्हणून

आता कोणी अशी शंका घेईल की, “बाबासाहेबांनी तर खेड्याचा गौरव करणाऱ्यांचा समाचार घेतला होता. मग तुम्ही लग्नासाठी पुन्हा खेड्यात जावयास का सांगता?” शंका योग्य आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी खेडे हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे घर आहे, असे निर्भीडपणे सांगितले. त्यांतील एकही शब्द मी मागे घेऊ इच्छीत नाही.

परंतु गाव सोडून शहरात गेलेला आपला मनुष्य आज काय करतो? तालुक्याच्या ठिकाणी मंगल कार्यालय घेतो आणि एका दिवसाचे इतके भाडे मोजतो की तेवढ्यात वस्तीतल्या विहाराला पत्रे बसले असते. गावातले विहार ओस पडते. समाजमंदिरात कोणाची तरी खते आणि कडबा साठतो. शाळेचे मैदान, ग्रामपंचायतीचे सभागृह, सार्वजनिक पाणवठा, ह्या सर्वांवर आपला जो समान हक्क आहे तो न वापरल्यामुळे गंजत जातो. जो रस्ता वापरला जात नाही त्यावर शेजारी कुंपण घालतो, हा वहिवाटीचा नियम प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. सार्वजनिक जागेचेही तसेच आहे. म्हणून गावात लग्न लावा. ग्रामपंचायतीकडे रीतसर अर्ज द्या, पोच घ्या, मैदान मागा, नळाचे पाणी मागा. गावातील इतर समाजांच्या लोकांना नावानिशी निमंत्रण द्या आणि त्यांस आपल्या पंगतीत शेजारी बसवून जेवू घाला. जो येईल त्याचे स्वागत आहे; जो येणार नाही तो कोण, हेही गावाला कळेल.

ज्यांस जागेची लाज वाटते त्यांनी एक प्रसंग आठवावा. बाबासाहेबांचे पहिले लग्न कोठे लागले? भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा व्यवहार आटोपल्यावर, रात्री. बाजाराच्या उघड्या छपराखाली एका कोपऱ्यात वराकडची मंडळी, दुसऱ्या कोपऱ्यात वधूकडची, आणि विक्रेत्यांचे दगडी ओटे हीच बैठक. वधूवरांचे तेव्हाचे वय आजच्या कायद्यास मुळीच मान्य होणार नाही आणि त्या चालीचे समर्थन आपण करणार नाही. ती चाल मोडण्याचा उपदेश पुढे स्वतः बाबासाहेबांनीच केला. परंतु त्या जागेमुळे त्या माणसाच्या मोठेपणात काही उणे आले काय? पुढे १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा दुसरा विवाह झाला तो दिल्लीत राहत्या घरी, नोंदणी पद्धतीने. त्यावेळी ते भारताचे कायदेमंत्री होते. मनात आणले असते तर राजधानीतला कोणता मांडव त्यांस मिळाला नसता?

मग लग्न कसे लावावे?

नुसती टीका करून थांबणे मला उचित वाटत नाही. म्हणून एक आराखडा आपल्यापुढे ठेवतो. त्यांत आपल्या गावाच्या परिस्थितीप्रमाणे फेरफार करावा.

तिथीपासून सुरुवात करू. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. ब्राह्मणाहाती क्रियाकर्म करविणार नाही असे म्हटले. तरीही पंचांगातील मुहूर्त पाहून तारीख ठरविणारी घरे मी पाहतो. मुहूर्त नाही म्हणजे वर्षातला प्रत्येक दिवस आपला आहे. ज्या मोजक्या तारखांना सारा तालुका मांडव, भांडी आणि आचारी शोधत धावतो, त्या तारखा सोडा. सुगी आटोपल्यावर, घरात धान्य असता आणि विहिरीला पाणी असता, आठवड्यातला कोणताही दिवस धरा. वैशाखात टँकरने पाणी आणून लग्न करण्याची वेळच येऊ नये. आणि पत्रिकेत सकाळी दहा लिहिले असेल तर लग्न दहालाच लागावे.

जागा विहाराची, शाळेच्या मैदानाची (सुट्टी असता), किंवा आपल्या शेतातल्या खळ्याची. मांडव आंब्याच्या डहाळ्यांचा आणि गावातल्या सतरंज्यांचा. विधीस काय लागते? बुद्धरूप, बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्त्या, फुले, पांढरी वस्त्रे. त्रिशरण, पंचशील आणि मंगल गाथा म्हणणारा बौद्धाचार्य. तांदूळ उधळावयाचे कारण नाही. ज्यांच्या घरी तांदूळ सणालाच शिजत असे त्यांच्या नातवंडांनी तो पायदळी तुडवू नये. फुलांच्या पाकळ्या पुरेशा आहेत. सारा विधी तासाभरात आटोपतो.

जेवण एकच, पण पोटभर आणि सर्वांस सारखे. आमटी, भात, एक भाजी, भाकरी किंवा चपाती आणि गव्हाची लापशी. धान्य घरचे, भाजी गावातली, स्वयंपाक वस्तीतल्या स्त्री-पुरुषांनी मिळून केलेला. पुरुषांनी, असे मी मुद्दाम म्हणतो. काटकसरीचा सारा भार चुलीपुढे बसलेल्या बायांवर टाकून साधेपणाची भाषणे करणे हा ढोंगीपणा आहे. पत्रावळी पळसाच्या असाव्यात, नाहीतर बचत गटाच्या स्टीलच्या ताटल्या घ्याव्यात. प्लास्टिकची व थर्माकोलची ताटे-पेले महाराष्ट्रात २०१८ पासून आणि साऱ्या देशात १ जुलै २०२२ पासून बंद आहेत, तरीही ती सर्रास येतात. दुसऱ्या दिवशी ती उडून कोठे जातात? आपल्याच वस्तीमागच्या ओढ्यात. आणि ती वेचण्यास कोणाला पाठवितात, हे मी सांगावयास नको. पाणी रांजणात आणि माठात भरून ठेवावे. आपला मांडव आटोपल्यावर दुसऱ्या कोणास आपला कचरा उचलावा लागू नये. मांडव घालणाऱ्यांनीच संध्याकाळपर्यंत मैदान झाडून द्यावे. उष्टे उचलण्याची सक्ती ज्यांच्या वाट्यास आली, त्यांनी ती दुसऱ्या कोणाच्या वाट्यास जाऊ देऊ नये.

वाद्य वाजवावयाचे तर आपल्या मुलांचे लेझीम आहे, भीमगीते गाणारे शाहीर आहेत. त्यांस मानधन द्यावे आणि मांडवात मानाने बसवावे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावणे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मना आहे. आपण कायद्याचे राज्य मागणारे लोक आहोत, तेव्हा तो नियम आपण प्रथम पाळावा.

आहेराची रीत तर कायमचीच बंद करावी. एकाने दिलेला टॉवेल-टोपी दुसऱ्याच्या लग्नात, तेथून तिसऱ्याच्या लग्नात. असे ते कापड न उलगडता जिल्हाभर फिरते. त्याऐवजी ज्याला जे द्यावयाचे ते त्याने वधूच्या बँकेतील खात्यात घालावे. आणि मांडव, गाडी, रोषणाई ह्यांत वाचलेला पैसा तिच्याच शिक्षणास किंवा नव्या घराच्या उताऱ्यावर दोघांची नावे लावण्यास खर्च करावा. बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत आमच्या आयाबहिणींना सांगितले होते की मुलांच्या लग्नाची घाई करू नका आणि पत्नीने पतीची दासी न होता बरोबरीची मैत्रीण व्हावे. रिकाम्या हाताने सासरी गेलेली मुलगी बरोबरीची कशी होणार?

कायद्याच्या चार गोष्टी

आता वकील ह्या नात्याने चार गोष्टी सांगतो. खर्चात कितीही काटछाट करा. ह्यांत करू नका.

एक. वधूचे वय १८ आणि वराचे २१ पूर्ण झाल्याचा पुरावा हाती घेतल्यावाचून सुपारीसुद्धा फोडू नका.

दोन. हुंडा मागणे गुन्हा आहे, घेणे गुन्हा आहे आणि देणे हाही गुन्हा आहे. १९६१ च्या कायद्याखाली देण्याघेण्यास किमान पाच वर्षांची शिक्षा सांगितली आहे. ‘आम्ही हुंडा घेत नाही, फक्त लग्न चांगलं करून द्या,’ हे वाक्य आजकाल प्रतिष्ठित घरांतून ऐकू येते. लग्नासाठी घातलेली प्रत्येक अट ही मागणीच होय, असे समजून चाला आणि अशी सोयरीक तेथल्या तेथे मोडा. स्वखुशीने वधूस ज्या वस्तू दिल्या जातात त्यांची यादी करावी, तीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात, अशी १९८५ च्या नियमांची आज्ञा आहे. ही यादी मी शंभरातल्या एकाही लग्नात पाहत नाही. संसार मोडल्यावर मात्र तिच्या अभावी आमच्या मुली आपले स्वतःचे डोरले सिद्ध करू शकत नाहीत.

तीन. विधी रीतसर झाला पाहिजे आणि त्याचा पुरावा राहिला पाहिजे. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी समाजाने केलेली आहे. परंतु आज आपल्या विवाहांस १९५५ चा हिंदू विवाह कायदाच लागू होतो, आणि त्याच्या सातव्या कलमाप्रमाणे विवाहाची सिद्धता पक्षकारांच्या रूढ विधीवर अवलंबून असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली हे बजावले आहे की विधीच झाला नसेल तर नुसत्या प्रमाणपत्राने त्या कायद्याखालील विवाह सिद्ध होत नाही. त्याच निर्णयात, लग्न म्हणजे नाचगाणे, खाणेपिणे आणि हुंड्याची देवघेव नव्हे, असेही न्यायालयाने सुनावले आहे. तेव्हा बौद्धाचार्यांनी कोणता विधी केला, कोण साक्षीला होते, ह्याची लेखी नोंद व छायाचित्रे जपून ठेवा. ज्यांस हा सारा प्रश्नच टाळावयाचा असेल त्यांस १९५४ चा विशेष विवाह कायदा खुला आहे. तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार, एवढे पुरते.

चार. नोंदणी. १९९८ च्या महाराष्ट्र कायद्याप्रमाणे लग्नानंतर नव्वद दिवसांत ती करावयाची आहे, आणि गावात ती ग्रामपंचायतीतच होते. साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्याच्या सह्या मांडवातच घ्या. पोटगीच्या दाव्यात ‘हिच्याशी माझे लग्नच झाले नाही’ असा जबाब देणारा नवरा मी अनेकदा पाहिला आहे. आठशे माणसे जेवून गेलेली असतात. साक्षीला कोर्टात एकही येत नाही. तेथे उपयोगी पडतो तो एक कागद, आणि त्याचा खर्च एका पाहुण्याच्या जेवणाएवढाही नसतो.

एक जुना दाखला, आणि एक विनंती

पुरोहितावाचून साधे लग्न लावण्याची ही वाट आपणच प्रथम चालत आहोत असे नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला आणि त्याच वर्षी सत्यशोधक पद्धतीची लग्ने लागू लागली. जुन्नर तालुक्यातील ओतूर गावी १८८४ साली असे लग्न लागले, तेव्हा न बोलावलेल्या पुरोहितांनी दक्षिणेसाठी कज्जा केला. ते प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेरीस निकाल यजमानाच्या बाजूने लागला. त्या काळी साधे लग्न लावण्यासाठी वर्षानुवर्षे कोर्ट लढावे लागले. आज आपणांस कोण अडवितो? कोणीही नाही. अडवितो तो एकच प्रश्न: “लोक काय म्हणतील?”

लोक काय म्हणतील ते मी सांगतो. पहिल्या वर्षी म्हणतील, “ह्यांच्याकडे पैसा नव्हता.” दुसऱ्या वर्षी म्हणतील, “ह्यांच्यावर कर्ज नाही.” तिसऱ्या वर्षी त्यांच्याच घरातली मुलगी आपल्या बापाला विचारील, “त्यांचे तसे झाले, माझे का नाही?”

माझी विनंती एवढीच. येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा प्रत्येक वस्तीने एक ठराव करावा: आमच्या वस्तीतल्या कोणत्याही लग्नासाठी जमिनीचा कागद होणार नाही. ठराव वहीत लिहावा, सर्वांनी सह्या कराव्यात, आणि पहिली सही वस्तीतल्या सर्वांत सधन घराने करावी. कारण साधेपणा गरिबाने पत्करला तर त्यास लाचारी म्हणतात. ज्याला परवडते त्याने पत्करला म्हणजे त्याचीच रीत होते. आणि पुढच्या लग्नसराईत त्या मुद्रांकाच्या टेबलापाशी आपल्यांपैकी एकही बाप मला दिसू नये.

जय भीम.